सोपी कामं यंत्रांकडे गेली, अवघड कामं काउंटरवर उरली

सुपरमार्केटमध्ये सगळं सुरळीत पार पडलं तर ग्राहक सेवा काउंटरकडे कुणी फिरकत नाही. माल घेतला, बिल झालं, माणूस बाहेर पडला. काउंटरवर येतं ते काहीतरी अडलेलं काम: दोनदा स्कॅन झालेली वस्तू, फुटकं झाकण, शेल्फवर एक किंमत आणि बिलावर दुसरी, घरी नेल्यावर नको वाटलेला माल. गेल्या शंभरेक वर्षांत दुकानातली सोपी कामं एकेक करून यंत्रांकडे किंवा खुद्द ग्राहकाकडे गेली आणि या काउंटरवर गाळ राहावा तशी अवघड कामं तेवढी राहिली. माणसं, जागा आणि अधिकार मात्र अजून जुन्याच मापाने दिले जातात. काउंटरचा इतिहास बघितला की हा मेळ कसा बिघडत गेला ते नीट कळतं.

आधी अख्खं दुकान म्हणजेच काउंटर होता. ग्राहक पलीकडे उभा, माल अलीकडे, आणि मधला माणूस वजन करून, बांधून, हिशेब करून हातात देणार. तक्रार असली तर ज्याने दिलं त्यालाच सांगायची. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवेचं दुकान उघडलं. गिऱ्हाइकाने फिरत्या दारातून आत यायचं, टोपली घेऊन ठरलेल्या वाटेने फिरायचं, माल स्वतः उचलायचा आणि शेवटी एकाच ठिकाणी पैसे भरायचे. या मांडणीचं पेटंटही त्यांनी पुढच्याच वर्षी घेतलं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकल कलन यांचं ‘किंग कलन’ सुरू झालं आणि मोठी जागा, कमी भाव, ढीगभर माल हे सुपरमार्केटचं रूप पक्कं झालं.

यात एक गोष्ट सहज निसटते. माल देणारा माणूसच नाहीसा झाला, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची हेही कुणाला कळेना. कॅशियरला विचारावं तर मागे रांग खोळंबते. म्हणून दुकानाच्या तोंडाशी वेगळी खिडकी आली. अमेरिकेतल्या जुन्या दुकानांत ही जागा बऱ्याचदा दोनतीन पायऱ्या उंच असे. तिथे बसलेल्या व्यवस्थापकाला सगळे गल्ले एका नजरेत दिसत. तिजोरी तिथेच, सुट्ट्या पैशांचा साठा तिथेच, आणि पगाराचे चेक वटवून देण्याचं कामही तिथेच. बँका लवकर बंद होत आणि दुकान उशिरापर्यंत उघडं असे, म्हणून लोक चेक इथे आणत. पन्नास-साठच्या दशकांत ट्रेडिंग स्टॅम्प जोरात होते. खरेदीच्या प्रमाणात चिकट तिकिटं मिळायची, ती वहीत डकवून वही भरली की वस्तू. त्या तिकिटांचा हिशेब आणि त्यावरचे वादही बरेचदा या खिडकीशीच येत.

त्या काळात खिडकीवरचा माणूस ओळखीवर चालायचा. चेक कुणाचा वटवायचा, कुणाचा नाही, हे डोक्यात किंवा एका चोपडीत असे. परत आलेल्या मालाचंही तेच. बिलावर बहुतेक वेळा नुसते आकडे आणि विभागाची खूण असायची, वस्तूचं नाव नसायचं. त्यामुळे वस्तूवर चिकटवलेली किमतीची चिठ्ठी आणि समोरच्याचा चेहरा एवढ्यावरच निर्णय व्हायचा. परतावा दिल्यावर बिलावर शिक्का मारायचा किंवा त्या ओळीवर पेनने काट, म्हणजे तेच बिल पुन्हा चालू नये. यात चुका भरपूर होत, पक्षपातही होत असणार. पण निर्णय घेणारा माणूस तिथेच बसलेला असे, ही त्या व्यवस्थेची जमेची बाजू आज फार जाणवते.

२६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी एका सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट बारकोडने स्कॅन झालं. बारकोडने कॅशियरचं काम हलकं केलं हे सगळे सांगतात. काउंटरचं काम त्याने वाढवलं, हे मात्र फारसं बोललं जात नाही. तोवर किंमत वस्तूवरच लिहिलेली असायची, आणि कॅशियर तीच वाचून आकडा दाबायचा. आता किंमत दोन ठिकाणी राहू लागली: शेल्फच्या कडेवरच्या चिठ्ठीत आणि संगणकात. दोन्ही वेगवेगळ्या वेळी बदलतात. ऑफर मध्यरात्री संपते, चिठ्ठी सकाळी कुणीतरी काढायची असते, ती राहून जाते. नाहीतर चिठ्ठी बरोबर असते, पण शेजारच्या वस्तूचा माल सरकून तिच्या पुढ्यात आलेला असतो.

यावर काही देशांनी नियम आखले. कॅनडात २००२ पासून दुकानांची एक ऐच्छिक संहिता आहे. स्कॅन झालेली किंमत शेल्फवरच्या किमतीपेक्षा जास्त निघाली, तर ठरावीक मर्यादेपर्यंतची ती वस्तू ग्राहकाला फुकट मिळते. ऑस्ट्रेलियातही अशीच संहिता आहे. अशा नियमाचा खरा फायदा दुकानाला होतो, कारण चूक दाखवायला ग्राहक स्वतः काउंटरपर्यंत चालत येतो. अट एकच. काउंटरवरच्या माणसाने फरक देऊन मोकळं व्हायचं नाही. शेल्फवर कुणालातरी पाठवून चिठ्ठी बदलून घ्यायची आणि मगच नोंद बंद करायची. नुसता फरक दिला तर दर तासाला तीच तक्रार पुन्हा येते.

आता परताव्याकडे येऊ, कारण काउंटरचा निम्म्याहून जास्त जीव यात जातो.

समजा एक माणूस तेलाची गळकी बाटली घेऊन आला. काउंटरवरच्या मुलीने झाकण बघितलं, बाटली पुसली, शेल्फवरून चांगली आणून हातात दिली, माणूस खूश होऊन गेला. सगळ्यांना वाटतं, छान सेवा. पण स्कॅन काहीच झालं नाही. संगणकाच्या लेखी एकच बाटली विकली गेली; दुकानातून मात्र दोन कमी झाल्या, एक दिलेली आणि एक फेकलेली. हिशेबात जास्त आणि शेल्फवर कमी, असा हा भुताचा स्टॉक. एका बाटलीने काही बिघडत नाही. महिनाभर असं चाललं की संगणक म्हणतो सहा बाटल्या शिल्लक, शेल्फ रिकामा, आणि सहा शिल्लक असल्यामुळे नवीन मागणी आपोआप जातच नाही. शेल्फ रिकामा का, याचं उत्तर गोदामात सापडत नाही. ते काउंटरखालच्या कचऱ्याच्या डब्यात असतं.

बरोबर रीत अशी. आधी मूळ बिल स्कॅन करून त्या बिलातली नेमकी ओळ उघडायची. वस्तू परत म्हणून नोंदवायची आणि कारणाचा कोड द्यायचा: फुटकी, मुदत संपलेली, ग्राहकाला नको, किंमत चुकली. मग माल कुठे जाणार तो कोड: पुन्हा शेल्फवर, पुरवठादाराकडे परत, की नष्ट. त्यानंतर नवी वस्तू नव्या विक्रीसारखी स्कॅन करायची, बेरीज शून्य. पाऊण मिनिट जास्त लागतं. कारणाचा कोड घाईत नेहमी पहिलाच दाबला जातो, हा जवळपास सगळीकडचा रोग आहे. यादीत पहिलं ‘ग्राहकाला नको’ असेल तर महिन्याच्या अहवालात सगळे ग्राहक लहरी दिसतात आणि गळक्या बाटल्या दिसतच नाहीत. यादी लहान ठेवावी, सहासातच्या वर जाऊ देऊ नये, आणि पहिल्या जागी काहीही आपोआप निवडलेलं नसावं.

थंडगार ठेवायचा माल परत आला तर तो पुन्हा शेल्फवर जात नाही, पाकीट न उघडलेलं असलं तरीही. मधले दोन तास तो गाडीत होता की फ्रीजमध्ये, हे कुणीच सांगू शकत नाही. ग्राहकाला हे पटत नाही, माल चांगला दिसतो म्हणून तो हळहळतो. त्याला कारण सांगावं, ऐकून घेतो.

तीन वस्तू दोनच्या भावात, अशी ऑफर असली की परताव्याचा गुंता वाढतो. एकेकाची किंमत ९० धरू. तिघांचे मिळून १८० भरले, आणि यंत्रणा सहसा सूट तिन्हींवर वाटून प्रत्येकी ६० अशी नोंद ठेवते. एक परत आणली तर किती द्यायचे? वाटणीच्या हिशेबाने ६०. पण उरलेल्या दोन वस्तूंची ऑफरशिवाय किंमत १८० होते, म्हणजे त्या हिशेबाने शून्य. दोन्ही पद्धती चालतात, दोन्हींना बाजू आहेत. वाटणीची पद्धत ग्राहकाला समजावता येते, म्हणून मला ती बरी वाटते. पण एकाच दुकानात सकाळची पाळी एक आणि संध्याकाळची पाळी दुसरी पद्धत वापरत असेल तर भांडण ठरलेलं. दुकानाने एकच निवडावी आणि ती बिलावर छापावी.

कार्डाने भरलेले पैसे परत करताना वेगळीच अडचण येते. दिवसअखेरीचं सेटलमेंट, म्हणजे दिवसभराच्या कार्ड व्यवहारांचा बँकेशी होणारा हिशेब, व्हायच्या आत व्यवहार रद्द केला, तर पैसे दुकानाकडे गेलेलेच नसतात. बँकेने धरून ठेवलेली रक्कम सुटते. ग्राहकाच्या खात्यावर ‘जमा’ अशी नोंद येत नाही, पैसे वजा झाल्याची मूळ नोंदच नाहीशी होते. सेटलमेंटनंतर मात्र परतावा हा स्वतंत्र व्यवहार होतो, त्याला काही कामकाजाचे दिवस लागतात आणि तो वेगळी जमा म्हणून दिसतो. यातलं नेमकं काय केलं ते काउंटरवरून एका वाक्यात सांगितलं तर ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून होणारी दुसरी फेरी वाचते.

फोनने पैसे भरलेल्यांची गंमत अशी की बिलावर छापलेले शेवटचे चार आकडे त्यांच्या हातातल्या कार्डाशी जुळत नाहीत. फोनमध्ये कार्डाची नोंद करताना त्या फोनसाठी वेगळा क्रमांक तयार होतो, आणि बिलावर तोच येतो. नव्या माणसाला हे शिकवलेलं नसतं, म्हणून तो ‘हे कार्ड तुमचं नाही’ म्हणून प्रामाणिक ग्राहकाला परत पाठवतो. अशा वेळी कार्ड मागू नये, ज्या फोनने भरले तोच फोन टेकवायला सांगावा.

आणि बिल? पूर्वी शाईचं असे, वर्षभर टिके. थर्मल कागदावर शाई नसते. कागदाच्या थरातच रंग देणारं रसायन असतं आणि छपाईची सुई नव्हे तर उष्णता ते काळं करते. म्हणून उन्हाच्या तडाख्यात, तेलकट हातांनी, आणि विशेष म्हणजे मऊ प्लास्टिकच्या पाकिटात अक्षरं उडतात. जपून ठेवावं म्हणून बिल त्या पाकिटात सरकवणारा माणूसच सहा महिन्यांनी कोरा कागद घेऊन येतो. युरोपीय संघाने या कागदातल्या बिस्फेनॉल ए या रसायनावर २०२० पासून ०.०२ टक्क्याची मर्यादा घातली. फ्रान्समध्ये १ ऑगस्ट २०२३ पासून मागितल्याशिवाय बिल छापायचं नाही असा नियम आला. कागद कमी झाला हे चांगलंच. पण काउंटरवर बिल शोधायचे दुसरे रस्ते तयार हवेत: ज्या कार्डाने भरलं ते टेकवून, सदस्य क्रमांकावरून, किंवा तारीख, अंदाजे वेळ आणि एकूण रक्कम यांवरून. तिसरा रस्ता सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी माणसांना माहीत असलेला. कोऱ्या बिलासाठी ग्राहकाला माघारी लावण्याआधी तो वापरून बघावा.

बिल अजिबातच नसेल तर बहुतेक दुकानं अलीकडच्या काळातली सगळ्यात कमी किंमत धरतात आणि रोख न देता दुकानाची क्रेडिट नोट देतात. यामागे कारण आहे. शेल्फवरून वस्तू उचलायची, गल्ल्याकडे न जाता थेट काउंटरवर परत करायची आणि रोख घ्यायची, ही जुनी चोरी आहे. दुसऱ्याने टाकलेलं बिल उचलून तीच वस्तू शेल्फवरून आणणं ही तिचीच बहीण. बिलातली ओळ संगणकात ‘परत’ म्हणून बंद होते, त्याने एकच बिल दोनदा चालणं थांबलं. पहिल्यांदा चालणं थांबत नाही. म्हणून काउंटर दाराशीच, माल ठेवलेल्या भागाच्या आधी असावा. जागा चुकली तर कितीही कॅमेरे लावा, फार उपयोग नाही.

चोरीविरोधी लेबलबद्दल एक लहानशी गोष्ट, कारण ती हमखास राहते. दारातल्या खांबांना कळणारी लेबलं मुख्यतः दोन जातींची: ५८ किलोहर्ट्झवर चालणारी आणि ८.२ मेगाहर्ट्झवर चालणारी. विकताना गल्ल्यावरची पट्टी ती निकामी करते. वस्तू परत आली आणि तशीच शेल्फवर गेली, तर तिचं लेबल मेलेलंच राहतं. पहिल्या जातीचं योग्य साधन असेल तर पुन्हा जिवंत करता येतं, दुसऱ्या जातीचं आतून जळतं, ते नवीनच लावावं लागतं. काउंटरखाली लेबलांचं रीळ ठेवलं की प्रश्न मिटतो.

रांगेचं गणित मात्र दुकानमालकांनी मनावर घ्यावं असं आहे. एका कामाला सरासरी ४ मिनिटं धरली तर एक माणूस तासाला १५ कामं करू शकतो. लोक हवे तेव्हा येतात आणि कामं लहानमोठी असतात असं धरून सगळ्यात साधं सूत्र लावलं, तर तासाला साडेसात लोक आल्यावर रांगेतली सरासरी वाट ४ मिनिटं. १२ आले तर १६ मिनिटं. साडेतेरा आले तर ३६. म्हणजे १२ नंतर दीडच माणूस वाढला आणि वाट दुपटीच्या वर गेली. ‘साडेतेरा कामांची ५४ मिनिटं झाली, काउंटरवरचा माणूस तासातली सहा मिनिटं रिकामा बसतो’ असं म्हणून त्याला मधल्या वेळात दुसरं काम लावणाऱ्याने हे आकडे भिंतीवर लावावेत. त्या सहा मिनिटांच्या भरवशावरच रांग चालते.

दुसरं म्हणजे कामांची सरमिसळ. दोन मिनिटांचा परतावा आणि पंधरा मिनिटांची बिलाची चौकशी एकाच रांगेत असली की सगळेच वैतागतात. दोन माणसं असतील तर रांग एकच ठेवावी, जो मोकळा होईल तो पुढच्याला घेईल; दोन वेगळ्या रांगा केल्या की एक अडते आणि दुसरी वाहते. टोकन दिलं तर माणसाला ट्रॉली घेऊन उभं राहावं लागत नाही, पण टोकन घेऊन निघून गेलेल्यांचे क्रमांक दोनदा पुकारून लगेच पुढे जायला हवं.

ऑनलाइन मागवलेला माल न्यायला येणारे याच काउंटरवर आले, तेव्हा हे सगळं आणखी कोलमडलं. काउंटर बांधला होता कागदांसाठी. त्याच्यामागे फ्रीज नाही, पिशव्या ठेवायला क्रमांक घातलेले कप्पे नाहीत. मग थंड माल मागच्या खोलीत, कोरडा माल पायाशी, आणि एकाच मागणीचे तीन भाग तीन ठिकाणी. त्यातला एक हमखास राहतो. ज्या दुकानांनी माल न्यायची जागा वेगळी केली, त्यांनी शहाणपण केलं. वेगळी करणं शक्य नसेल तर निदान प्रत्येक पिशवीवर ‘३ पैकी १’, ‘३ पैकी २’ असं लिहावं. कुठल्याही ॲपपेक्षा ही चिठ्ठी जास्त चुका वाचवते.

ॲपवरून तक्रार, फोटो, आणि माल परत न घेता पैसे, हेही आता रूढ होतंय. ग्राहकाची फेरी वाचते, यात शंका नाही. पण वस्तू कुणाच्या हातात येत नाही. काउंटरवर एका सकाळी तीन गळक्या बाटल्या आल्या तर तिसरी बघताच चांगला कर्मचारी तिन्हींचा बॅच क्रमांक ताडून बघतो, शेल्फवर माणूस पाठवतो आणि उरलेल्या खोक्यातल्या बाटल्या काढायला लावतो. त्याच तीन तक्रारी ॲपवर आल्या, तर बऱ्याचदा तीन वेगवेगळ्या माणसांकडे जातात आणि खोकं संध्याकाळपर्यंत विकलं जातं.

अधिकाराचा प्रश्न इथेच येतो. पूर्वी गल्ल्याला खरी किल्ली असे, ती सुपरवायझरच्या कमरेला. आता गुप्त क्रमांक आहे. परताव्यासाठी दुसऱ्याची मंजुरी लागते ते योग्यच, कारण ग्राहक नसताना खोटा परतावा काढून रोख खिशात घालणं ही आतली चोरी सगळ्यात सोपी. पण प्रत्येक लहान रकमेला मंजुरी लावली की सुपरवायझर धावून धावून थकतो, आणि शेवटी आपला क्रमांकच काउंटरवर सांगून मोकळा होतो. मग नियंत्रण कागदावर राहतं. त्यापेक्षा एका मर्यादेपर्यंत काउंटरवरच्या माणसाला स्वतः निर्णय घेऊ द्यावा, त्यावरच्या रकमेला खरोखर दुसरा माणूस यावा, आणि लहान परताव्यांची यादी आठवड्यातून एकदा नीट वाचावी. एकाच माणसाच्या नावावर, गिऱ्हाईक विरळ असतानाच्या वेळी, रोखीचेच परतावे दिसत असतील तर यादी ते लगेच सांगते.

पुढचा बदल दारात उभा आहे. बारकोडचा कारभार पाहणारी जीएसवन ही संस्था २०२७ च्या अखेरपर्यंत जगभरच्या गल्ल्यांनी क्यूआरसारखे चौकोनी कोडही वाचावेत, यासाठी दुकानांना तयार करते आहे. नेहमीच्या उभ्या रेघांच्या कोडमध्ये वस्तू कोणती एवढंच असतं. चौकोनी कोडात बॅच आणि मुदतीची तारीखही बसते. म्हणजे सदोष बॅच परत बोलावल्यावर अख्ख्या वस्तूची विक्री थांबवावी लागणार नाही, तेवढी बॅच अडवता येईल. आणि परत आलेली बाटली कुठल्या बॅचची, हे स्कॅन करताच नोंदलं जाईल. लेझरचे जुने स्कॅनर मात्र हे कोड वाचू शकत नाहीत, कॅमेऱ्यासारखं चित्र टिपणारा स्कॅनर लागतो. दुकानं नवीन यंत्रं आधी गल्ल्यांवर लावतात आणि तिथून निघालेला जुना स्कॅनर ग्राहक सेवा काउंटरवर आणून ठेवतात. या वेळी क्रम उलटा करावा. पहिला नवा स्कॅनर काउंटरवर लावावा, कारण बिघडलेला माल येतो तो तिथेच.